मदत हवी आहे: गॅस गिझर की इलेक्ट्रिक? (आजच ठरवायचंय)

खटका१६: नवीन फ्लॅट, सगळी बटणं स्मार्ट करून घेतोय. पहाटे साडेपाचला पाणी आपोआप तापायला हवं, आंघोळी उरकल्या की बंद. प्लंबर म्हणतो गॅस गिझर, बिल वाचेल. इलेक्ट्रिशियन म्हणतो इलेक्ट्रिक. टाइल्सवाला उद्या येतोय. लवकर सांगा.

कोथिंबीरजुडी: गाव कुठलं? माणसं किती? पाइपचा गॅस की सिलिंडर? बादली की शॉवर? बाथरूमला खिडकी आहे का? यातलं काहीच नाही आणि म्हणे लवकर सांगा!

खटका१६: पुणे. चौघं, बादली. पाइपचा गॅस. खिडकी बाहेर नाही, पाइपांच्या बंदिस्त डक्टमध्ये उघडते. पण प्रश्न ऑटोमेशनचा आहे हो.

माळ्यावरचा: आमच्याकडे कित्येक वर्षं गॅसच. नळ सोडला की कढत पाणी. डोळे झाकून घ्या.

विजेरी: खिडकी डक्टमध्ये असेल तर गॅस गिझर बाथरूममध्ये नकोच. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग ना वास. कडी लावून आत गेलेला माणूस आतच कोसळतो. घ्यायचाच तर ड्राय बाल्कनीत.

माळ्यावरचा: आमचा बाथरूममध्येच आहे. काही झालं नाही.

विजेरी: आज आधी तो बाहेर काढा, मग सल्ले द्या.

शून्यवॅट: दोघं जरा थांबा. साध्या गॅस गिझरला टाकीच नसते, आधी तापवून ठेवणार काय? पाणी वाहिलं की त्या दाबाने गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, सेलवर ठिणगी पडते, बर्नर पेटतो. मोबाइलला तिथे कामच नाही. टायमर हवा तर टाकीवाला इलेक्ट्रिक. २००० वॅट अर्धा तास म्हणजे १ युनिट. मात्र १० अँपिअरचा स्मार्ट प्लग लावू नका. ९ अँपिअरच्या आसपास लोड रोज सलग. शेजाऱ्यांकडे पिन काळी पडून सॉकेट मऊ झालं होतं. डीबीत, म्हणजे घरच्या मेन वीजपेटीत, कॉन्टॅक्टर टाका. तो जड लोड झेलणारा स्विच, आतली कॉइल त्याला चालू-बंद करते. स्मार्ट स्विचने फक्त ती कॉइल चालवा.

गच्चीकर: सोलर लावा की! ऊन फुकट आहे.

खटका१६: गच्ची सोसायटीची. कमिटीत अजून पार्किंगचंच भांडण मिटलेलं नाही.

कोथिंबीरजुडी: पाणी बोअरचं की पालिकेचं? बोअरच्या क्षारांनी गिझरच्या तापणाऱ्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात.

खटका१६: उन्हाळ्यात टँकर.

कोथिंबीरजुडी: बघा! हे शेवटी सांगताय.

तांब्या: माझ्या मते बंबासारखं पाणी कशाचंच नाही. तांबट आळीत चौकशी करा.

माळ्यावरचा: अकराव्या मजल्यावर लाकडं पेटवायची का?

तांब्या: मजला कोणी सांगितला तुम्हाला?

खटका१६: सातवा. दोन्हींची लाइन टाकून ठेवू का?

शून्यवॅट: गॅसची लाइन ड्राय बाल्कनीपर्यंतच, भांड्यांच्या पाण्याला होईल. बाथरूमला प्रत्येकी स्वतंत्र ४ स्क्वेअर मिमीची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा खटका) आणि अर्थिंग. टाइल्स लागायच्या आत.

तांब्या: बंबाला अर्थिंग लागत नाही, एवढं लक्षात घ्या.