एसडीएमकडची (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडची) पेशी म्हणजे कोर्ट धरायचं का? आत्याच्या दानपत्राबद्दल मदत हवी आहे

रामबागकर: असा अर्ज चालवलेलं कोणी आहे का इथे?

आत्या ७८ वर्षांची, मूलबाळ नाही. रामबागेतलं दोन खोल्यांचं घर तिने २०२१ मध्ये दिराच्या मुलाला दानपत्राने देऊन टाकलं. रजिस्ट्रीच्या दिवशी तो म्हणाला, "काकू, शेवटपर्यंत मीच बघणार." वर्षाच्या आत स्वयंपाकघराला कुलूप. आता ती आमच्याकडे आहे.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली घर परत मागितलंय. ९० दिवसांत निकाल लागतो म्हणे. आमचे सात महिने झाले. आत्याने कॅलेंडरवर पाच पेशांना गोल केलेत, त्यातल्या तीन वेळा साहेब बंदोबस्तावर. एकदा तर तिचं नाव पुकारलं, ती काठी टेकत उठेपर्यंत साहेबांना फोन आला आणि जीप निघून गेली. बंदोबस्त बघणारा माणूस रजिस्टर्ड दानपत्र रद्द करू शकतो का? आमच्या दानपत्रात सांभाळायची अट नाही, नुसतं 'प्रेमापोटी' लिहिलंय. आणि कलम १७ प्रमाणे वकील चालत नाही, मग पुतण्या दरवेळी पांढऱ्या शर्टातला जो 'मित्र' आणतो तो कोण?

पेशीवाला: करू शकतात. त्या खुर्चीत ते न्यायाधिकरण असतात: शपथेवर साक्ष घेणं, साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, सगळे दिवाणी कोर्टाचे अधिकार. 'मित्रा'ची हरकत लेखी द्या, तोंडी काही बोलू नका.

९० दिवस (फार तर आणखी ३०) ही मुदत पोटगीच्या अर्जाला आहे. तुम्ही फक्त घर मागितलंय. पोटगीही मागा, निकाल लागेपर्यंतच्या अंतरिम पोटगीसकट. मूलबाळ नसलेल्याला मालमत्ता ताब्यात असलेल्या वारसदार नातेवाइकाकडूनही ती मिळते.

खरी अडचण अटीची. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दान रद्द करायच्या कलम २३ साठी सांभाळण्याची अट दाखवावी लागते, नुसतं प्रेम पुरत नाही. पण २ जानेवारी २०२५ चा उर्मिला दीक्षित निकाल वाचा, आपल्याच मध्य प्रदेशातल्या छतरपूरचा. तिथे दानपत्राबरोबर मुलाने वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं. दानपत्र रद्द झालं, आईला ताबा परत देण्याचा हुकूमही झाला. तसा काही कागद आहे का?

रामबागकर: आत्याला विचारलं. पोथीच्या फडक्यातून घडी काढून दिली. रजिस्ट्रीच्याच तारखेची, पुतण्याच्या हातची, 'काकूला मरेपर्यंत सांभाळीन' आणि खाली सही. सात महिन्यांत बोलली नाही, कोणी विचारलंच नव्हतं म्हणते. स्टॅम्प नाही, साक्षीदार नाही. पुढची पेशी मंगळवारी आहे. असाच लावू का अर्जाला?