पौलानं फिलिप्पैत काय केलं ते पण बघा

वर एकांनी लिहिलंय की ख्रिस्ती माणसानं अन्याय सोसायचा, हक्क मागितला की नम्रता संपली, आणि आधाराला बायबलातलं १ करिंथ ६:७ (प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र) दिलंय. वचन बरोबर आहे, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही असंच पौल विचारतो, पण तो बोलतोय विश्वासातल्या भावाभावांच्या कोर्टकज्ज्यांबद्दल. तोच पौल फिलिप्पै शहरात विनाचौकशी फटके खाऊन तुरुंगात पडला आणि सकाळी गुपचूप सोडायचा निरोप आला तर म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, त्यांनी स्वतः येऊन बाहेर काढावं (बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६). आले की अधिकारी, घाबरत!

आमच्या घरातलं सांगतो. कोल्हापूरजवळ आमचा उसाचा तुकडा, शेजारी पप्पांचे चुलतभाऊच, रविवारी देवळात आमच्याच बाकावर बसणारे. दरवर्षी नांगरट झाली की बांध वीतभर आमच्याकडं सरकायचा. पप्पांनी मोजणीचा अर्ज भरलेला, तो कपाटात बायबलखाली तसाच राहिला. आई चिडायची, नम्रता तुमची आणि वैरण माझी कमी, कारण बांधावरचं गवत तीच कापायची (तिचं काय चुकत नव्हतं). पण मुकादमानं टोळीतल्या एका बाईची मजुरी कापली तेव्हा ह्याच पप्पांनी फडातच वही उघडायला लावली, पैसे हातात पडेपर्यंत ट्रॅक्टर हलू दिला नाही. स्वतःच्या बांधाबद्दल मात्र एक शब्द नाही, तो अर्ज शेवटी आईनंच चुलीत घातला.