अनुभव धागा : झादर ते कोटोर, एड्रियाटिकच्या काठाने रस्त्याचा प्रवास

किनारेकर

म्युनिकला राहणाऱ्या भाचीचा परवा फोन आला. तिचे आई-बाबा सप्टेंबरमध्ये तिच्याकडे जाणार आहेत आणि त्यांना क्रोएशियाचा किनारा विमानाने टप्पे न घेता रस्त्याने दाखवावा, असे तिच्या मनात आहे. "मावशी, तुम्ही दोघे झादरपासून कोटोरपर्यंत गेला होता ना, आखणी कशी केली होती?" असे तिने विचारले आणि मग आमचे अर्धा तास दुसरे काही बोलणे झालेच नाही. झादर क्रोएशियात आहे आणि कोटोर शेजारच्या माँटेनिग्रो देशात. तिला जे सांगितले ते इथे लिहिते आहे. ज्यांनी हा किनारा पाहिला आहे त्यांनी आपले अनुभव जरूर जोडावेत.

माझे पहिले म्हणणे असे की, या प्रवासाची आखणी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून करू नये, रस्त्यावरून करावी. रेल्वेचा इथे फारसा उपयोग नाही. झाग्रेबहून स्प्लिटपर्यंत गाडी येते, परंतु स्प्लिट ते दुब्रोव्हनिक रेल्वेमार्गच नाही. दुब्रोव्हनिकची जुनी अरुंद रुळांची गाडी १९७० च्या दशकातच बंद झाली. उरतात दोन रस्ते. ए-१ हा टोल घेणारा द्रुतगती मार्ग डोंगरांच्या मागून जातो. तो वेगवान आहे, पण त्यावरून समुद्र क्वचितच दिसतो. दुसरा म्हणजे युगोस्लाव्हियाच्या काळात, १९६० च्या दशकात पूर्ण झालेला किनारी रस्ता, ज्याला तिथले लोक 'मजिस्ट्राला' म्हणतात. एका बाजूला चुनखडीचा उघडा कडा आणि दुसऱ्या बाजूला थेट खाली पाणी, असा तो मैलोन्‌मैल वळत जातो. तिथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा माणूस समुद्राच्या बाजूच्या मार्गिकेत असतो आणि कुठेही थांबायचे झाले तर त्याला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. बसने जाणाऱ्यांनीही याच कारणासाठी उजव्या खिडकीची जागा मागावी.

स्प्लिटला मुक्काम वाढवावा, असे मी आग्रहाने सांगेन. डायोक्लेशन या रोमन सम्राटाने इ. स. ३०५ मध्ये आपण होऊन सिंहासन सोडले आणि जन्मभूमीजवळ समुद्रकाठी बांधलेल्या प्रासादात तो राहायला आला. सातव्या शतकात शेजारचे सलोना शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा निराधार झालेले लोक या रिकाम्या प्रासादात शिरले, आणि तेव्हापासून आजतागायत तिथे वस्ती आहे. सम्राटाच्या दालनांमध्ये स्वयंपाकघरे आहेत, खांबांच्या मधल्या जागा बुजवून भिंती केल्या आहेत आणि वर कपडे वाळत असतात. ज्या ख्रिस्ती लोकांचा त्याने छळ केला, त्यांनी त्याच्याच समाधीमंदिराचे कॅथेड्रल केले आणि ते त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्या बिशप डोम्नियस याला अर्पण केले. तळघरे मात्र शतकानुशतके वरच्या घरांतून टाकलेल्या कचऱ्याने भरून गेली होती, म्हणूनच ती इतकी शाबूत राहिली. ती साफ केल्यावर वरच्या, नाहीशा झालेल्या दालनांचा आराखडा अभ्यासकांच्या हाती आला. सकाळी लवकर, दुकाने उघडण्याआधी त्या तळघरांतून चालत जाऊन पेरिस्टाइल या खांबांनी वेढलेल्या चौकात वर यावे.

आरटीओ_ते_एड्रियाटिक

कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण या मार्गावर सगळे त्याच्यावर अडते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. जुन्या लेखांमधले कुना या आधीच्या चलनातले हिशेब आता सोडून द्यावेत. माँटेनिग्रोमध्येही युरोच चालतो, परंतु तो देश युरोपीय संघात नाही आणि शेंगेनमध्येही नाही. म्हणून कोटोर पाहून परत क्रोएशियात यायचे असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसाच हवा. असा वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना माँटेनिग्रोत थोड्या मुक्कामासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, तरीही निघण्यापूर्वी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर नियम वाचून घ्यावा. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच देशाकडे तो करावा लागतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. मला मुलाखतीची तारीख अगदी शेवटच्या आठवड्यात मिळाली आणि तोवर हॉटेलांचे पैसे अडकून पडले होते, म्हणून विनाशुल्क रद्द करता येतील अशाच खोल्या आधी घ्याव्यात.

गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एका वर्षासाठी असतो आणि त्याच्यासोबत मूळ परवानाही बाळगावा लागतो. गाडी सरहद्दीपलीकडे नेणार हे कंपनीला आधीच सांगून लेखी परवानगी घ्यावी. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात गाडी सोडली तर वेगळे शुल्क लागते आणि दुसऱ्या देशात सोडली तर ते फारच वाढते. म्हणून दुब्रोव्हनिकला गाडी परत करून पुढे कोटोरपर्यंत बसने जाणे, हा मला सर्वांत सोयीचा मार्ग वाटतो.

पेणची_सून

नेउमचे काय? आम्ही गेलो तेव्हा स्प्लिट-दुब्रोव्हनिक बस मध्येच थांबवून पासपोर्ट पाहिले होते आणि थोड्या अंतराने पुन्हा पाहिले. सासूबाई झोपेतून उठून घाबरल्याच होत्या.

आरटीओ_ते_एड्रियाटिक

ताई, तो बोस्निया-हर्झेगोव्हिनाचा समुद्राला भिडणारा जेमतेम वीस किलोमीटरचा तुकडा. त्याचे मूळ १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहात आहे. व्हेनिसची सीमा आपल्याला थेट भिडू नये म्हणून तेव्हा वेगळे राज्य असलेल्या दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने ती पट्टी मध्ये ऑटोमन साम्राज्याला राहू दिली, आणि तीनशे वर्षांनंतरही प्रवाशांचे पासपोर्ट तिथे तपासले जातात. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्स द्वीपकल्पाला जोडणारा सुमारे २.४ किलोमीटर लांबीचा पूल खुला झाला, त्यामुळे आता क्रोएशियाची हद्द न सोडता पलीकडे जाता येते. बसचे तिकीट काढताना मात्र ती पुलावरून जाते की नेउममार्गे, हे विचारून घ्यावे. एकाच प्रवेशाचा व्हिसा असणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचे आहे.

मीठभाकर

पुलावरून गेलात तर स्तोनला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने मिठागरांच्या आणि द्वीपकल्पाच्या रक्षणासाठी चौदाव्या शतकात इथे तटबंदी उभारायला घेतली. तिची पाच किलोमीटरहून अधिक लांबी आजही डोंगरावर चढत गेलेली दिसते, आणि मिठागरे अजूनही चालू आहेत. माझे बालपण उरणच्या मिठागरांजवळ गेले, त्यामुळे वाफ्यांच्या कडेला ओढून ठेवलेले मिठाचे ढीग पाहून मला तिथून हलवेना. आमच्या गटातील इतरांना दुब्रोव्हनिकची घाई होती. स्तोनला निदान एक दुपार द्यावी, असे मला आजही वाटते.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे आणि प्लोचे व रिएका ही दोन्ही बंदरे पाहिली आहेत. किनारेकरताईंनी रस्त्याचे महत्त्व सांगितले ते योग्यच आहे; मी त्यात वाऱ्याची भर घालतो. इथे मुख्यतः दोन वारे आहेत. 'बुरा' हा ईशान्येकडून, डोंगरमाथ्यावरून खाली कोसळणारा कोरडा, थंड वारा आहे. आकाश अगदी निरभ्र असते, ऊन पडलेले असते आणि तरीही झोत असे येतात की उंच वाहने उलटतात. वेलेबिट डोंगराखालचा सेन्यपासून झादरच्या अलीकडे मास्लेनित्सा पुलापर्यंतचा पट्टा यासाठी कुप्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तिथला रस्ता बस, ट्रक आणि दुचाकींसाठी वारंवार बंद होतो, कधीकधी सर्वांसाठीच. दुसरा 'युगो'. तो आग्नेयेकडून येतो, दमट असतो, दोन-तीन दिवस वाढत जातो आणि मोठ्या लाटा उठवतो. अशा वेळी बेटांवर जाणाऱ्या वेगवान कॅटामरान बोटी रद्द होतात, मोटारी नेणाऱ्या मोठ्या फेरी बहुधा चालू राहतात. म्हणून बेटावरचा मुक्काम परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कधीही ठेवू नये. क्रोएशियाच्या ऑटो क्लबच्या, म्हणजे एचएकेच्या संकेतस्थळावर रस्त्यांची ताजी स्थिती मिळते. रोज सकाळी निघण्यापूर्वी ती पाहावी.

भाचीने सप्टेंबर निवडला हे उत्तम केले. पाणी उबदार असते, बोटींची वेळापत्रके बहुतांशी उन्हाळ्याचीच असतात आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते.

शाकाहारी_पण_हौशी

शाकाहारी माणसाचे तिथे कसे होते, हे कोणी सांगाल का? आई कांदा-लसूण खाते, पण मासळीचा वासही तिला सहन होत नाही.

पेणची_सून

सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांची अजिबात उपासमार झाली नाही. 'ब्लित्वा' जवळजवळ प्रत्येक खाणावळीत मिळते. चार्डची पालेभाजी आणि उकडलेले बटाटे लसूण व ऑलिव्ह तेलात परतलेले असतात, मात्र ती माशासोबत देतात, म्हणून वेगळी मागावी. स्प्लिटच्या बाजारात 'सोपारनिक' शोधा. तो स्प्लिटच्या आग्नेयेकडील पोल्यित्सा भागातला पदार्थ आहे. पातळ लाटलेल्या दोन मोठ्या पोळ्यांमध्ये हाच पाला आणि कांदा भरून तो चुलीच्या तापलेल्या दगडावर ठेवतात, वरून निखारे आणि राख पसरतात. भाजून झाल्यावर राख झटकून लसूण घातलेले ऑलिव्ह तेल त्यावर फासतात आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापून देतात. सासूबाईंनी त्या विक्रेत्या आजींना खुणांनी कृती विचारली आणि दोघी बराच वेळ आपापल्या भाषेत बोलत होत्या.

मांडवी_काठ

गोव्यातील वाचकांसाठी एक जोड देतो. जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे सेंट ब्लेझचे सोळाव्या शतकातील चर्च आहे आणि ते दुब्रोव्हनिकच्या, म्हणजे तेव्हाच्या रागुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडले जाते. सेंट ब्लेझ हा दुब्रोव्हनिकचा रक्षक संत. तिथल्या वेशींवर हातात शहराची प्रतिकृती घेतलेली त्याची मूर्ती दिसते, आणि ३ फेब्रुवारीचा त्याचा उत्सव २००९ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. ज्यांना गर्दी नको आणि थंडी चालते, त्यांनी उत्सवाच्या सुमारास जाण्याचा अवश्य विचार करावा. बोटी कमी असतात, पण शहर तेव्हा खऱ्या अर्थाने शहरवासीयांचे असते.

दुब्रोव्हनिकला गेल्यावर तटाच्या प्लोचे नावाच्या वेशीबाहेरची लाझारेती ही विलगीकरणाची इमारत पाहावी. साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांनी शहरात शिरण्यापूर्वी तीस दिवस वेगळे राहावे, असा कायदा या प्रजासत्ताकाने १३७७ मध्येच केला होता. आताची इमारत पुष्कळ नंतरची आहे, पण त्या विचाराचा वारसा तिथे जाणवतो.

गुडघेदुखी_आणि_प्रवास

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी दुब्रोव्हनिकच्या तटाआतील खोल्या घेण्यापूर्वी पायऱ्यांची चौकशी करावी. मुख्य रस्ता सपाट आहे, परंतु त्याच्या उत्तरेकडच्या गल्ल्या म्हणजे निव्वळ जिने आहेत आणि पावसात तो गुळगुळीत दगड फार घसरतो. आम्ही तटाबाहेरच्या लापाद या भागात राहिलो आणि शहर बसने ये-जा केली. तटावरून फिरण्याचा मार्ग सुमारे दोन किलोमीटरचा आहे, सावली जवळजवळ नाही, तिकीटही महाग आहे. वेळ उघडण्याची धरावी.

किनारेकर

सर्वांचे मनापासून आभार. दर्यावर्दीदादांचे वाऱ्याचे मार्गदर्शन तर मी भाचीला जसेच्या तसे पाठवले आहे.

कोटोरबद्दल एक गोष्ट राहिली होती. माँटेनिग्रोत शिरल्यावर कामेनारी ते लेपेताने ही छोटी फेरी आखाताचा वळसा वाचवते. बुद्व्याला जाणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी, परंतु कोटोरला जाणाऱ्यांनी वळशाच्या रस्त्यानेच जावे, कारण पेरास्त त्याच रस्त्यावर आहे. पेरास्तसमोर 'अवर लेडी ऑफ द रॉक्स' हे बेट आहे, तेही माणसांनी दगड आणि जुनी जहाजे बुडवून तयार केलेले. दरवर्षी २२ जुलैला संध्याकाळी गावकरी होड्यांची रांग करून जातात आणि बेटाभोवती पुन्हा दगड टाकतात. पेरास्तहून कोटोरला बस मिळते, त्यामुळे सकाळी बेट पाहून दुपारी कोटोर गाठता येते. कोटोरच्या किल्ल्याची चढण ऊन उतरल्यावर सुरू करावी.

आरटीओ_ते_एड्रियाटिक

ताई, दुब्रोव्हनिक-कोटोर बसचे सुटण्याचे ठिकाण ग्रूझचे बसस्थानक आहे, जुने शहर नव्हे, हेही भाचीला सांगा. उन्हाळ्यात सरहद्दीवर तासन्‌तास लागू शकतात, म्हणून पहिली बस घ्यावी आणि सामानाच्या प्रत्येक नगाचे पैसे बसजवळच द्यावे लागतात, त्यासाठी युरोची नाणी खिशात ठेवावीत.