चर्चा: नीडल होल्डर (टाके घालताना सुई धरायचं हत्यार) हाताला खुपतो, दोष कुणाचा?

डावरी:
काल तीन तासांची लॅप (दुर्बिणीची शस्त्रक्रिया) उरकली आणि चहाचा कप धरताना कळलं, अंगठ्याची कड बधिर झालीय. हत्याराच्या हँडलची रिंग तिथल्या नसेवर दाबत होती. माझा ग्लोव्ह 6 नंबरचा, सरांचा 8; हँडल दोघांना एकच. त्यात मी डावखुरी. उजव्या अंगठ्याने सहज ढकललं की नीडल होल्डरचा रॅचेट, म्हणजे पकड घट्ट ठेवणारी दातेरी खिट्टी, सुटतो. डाव्याने उलट ओढावं लागतं, आणि त्या झटक्यात टिश्यूतली सुई हलते. कात्रीही तशीच: उजव्या हाताचा दाब पाती जवळ आणतो, डाव्याचा फाकवतो. धागा तुटत नाही, मध्येच दुमडतो. ‘सवय होईल’ हे ऐकून कान किटले. आधी हत्यार बदला.

जुना_सर्जन:
मॅडम, राग मानू नका, पण निम्मा दोष पकडीचा असतो. रेसिडेंट मंडळी अंगठा मुळापर्यंत रिंगमध्ये खुपसतात. टोक पुरे, तर्जनी दांड्यावर. नीडल होल्डर तर सरळ तळव्यात धरा, रिंगची गरजच नाही. आणि लॅपला टेबल खाली घ्या, हात कोपराच्या पातळीत आले पाहिजेत.

डावरी:
सर, टेबल तुमच्या उंचीला लावलेलं असतं, मी पायरीवर उभी असते! आणि तळव्यात धरला तरी रॅचेटची दिशा बदलत नाही. रॅचेट नको म्हणून गिलीज, म्हणजे बिनरॅचेटचा नीडल होल्डर, वापरून पाहिला, तर त्याची अंगठ्याची रिंग उजव्या हातासाठीच वाकवलेली.

दातवाला:
आमच्या दंतवैद्यकात यावर मोजमाप झालंय. स्केलरच्या (दातांवरचा थर खरवडायच्या हत्याराच्या) हँडलवरच्या 2006 च्या एका अभ्यासात 10 मिमी जाड आणि 15 ग्रॅम वजनाच्या हँडलला स्नायूंचा ताण सर्वांत कमी पडला. पेन्सिलीएवढं बारीक हँडल दिवसभर चिमटीत धरून बघा, मग पकडीवर प्रवचन द्या.

जुना_सर्जन:
स्केलर आणि नीडल होल्डर एका मापात मोजू नका. हलकं म्हणजे चांगलं, हेही मला पटत नाही. टायटॅनियमचं हत्यार मायक्रोसर्जरीत ठीक. पोट शिवताना मला हातात थोडं वजन लागतं.

ओटी_सिस्टर:
दोघंही भांडा, पण बिजागरीकडे कुणी बघतं का? ऑपरेशन संपलं की रक्ताळलेली हत्यारं तशीच ट्रेमध्ये सुकत पडतात. मग सांधा कडक होतो आणि डॉक्टर म्हणतात, सिस्टर, हा होल्डर बेकार आहे. धुताना रॅचेट उघडा ठेवा, ऑटोक्लेव्हआधी (वाफेने निर्जंतुक करण्याआधी) पाण्यात विरघळणारं वंगण द्या. साधं मशीन ऑइल नको, त्याच्या थराखाली वाफ पोचत नाही.

डावरी:
सिस्टर, शंभर टक्के मान्य. पण तेल घालून उजव्या हाताची कात्री डाव्या हाताची होत नाही ना!

जुना_सर्जन:
कात्रीचा मुद्दा मान्य. डाव्या हाताची वेगळी मागवा. बाकी पकडीचं मी म्हटलं ते कायम.

ओटी_सिस्टर:
आमच्याकडे मागवली होती. आठवड्यात उजव्या सेटमध्ये मिसळली आणि भर केसमध्ये सरांच्या हातात गेली. काय ऐकून घेतलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून तिच्या रिंगला निळी टेप आहे.