फटाक्यांच्या रात्री आणि घरातली मांजरे : आपापले अनुभव लिहा

नौपाडेकर
आकाशकंदील काढण्यासाठी काल माळ्यावर हात घातला, तर कंदिलाच्या आधी हाताला लागला तो मिक्सरचा जुना खोका. त्याच्या एका बाजूला मांजराला शिरता येईल एवढे भोक कापलेले आहे आणि आत अंथरलेल्या माझ्या स्वेटरवर अजून भुरे केस चिकटलेले आहेत. आमची ठमी जाऊन चार वर्षे झाली, पण तो खोका टाकवत नाही.

खोका घरात आला तो माझ्या एका चुकीनंतर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या जिन्याच्या तोंडाशीच कोणीतरी माळ लावली आणि ठमी लोखंडी कपाटाच्या मागे जाऊन बसली. बिचारी घाबरली आहे, तिला जवळ घ्यायला हवे, असे वाटून आम्ही दोघांनी कपाट सरकवले आणि तिला ओढून बाहेर काढले. ती माझे मनगट ओरबाडून हातातून निसटली, आणि हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीसाठी दार उघडेच होते. पुढच्या तीन रात्री आम्ही हाका मारत पार तलावपाळीपर्यंत फिरलो, आणि ती मात्र तो सगळा वेळ आमच्याच इमारतीच्या पंपाच्या खोलीत, मोटारीच्या मागे, दारापासून पंधरा पावलांवर होती. घाबरलेले मांजर ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

मांजर आपण होऊन जिथे लपते तिथेच त्याला राहू द्यावे, ही गोष्ट मला अशी मनगटावर लिहून मिळाली. कुत्रा भुंकतो, थरथरतो, म्हणून त्याची भीती सगळ्यांना दिसते. मांजर गुपचूप नाहीसे होते आणि आपण समजतो की त्याला काही वाटत नाही. तुमच्याकडे काय झाले आणि कशाने फरक पडला, ते जरूर लिहा.

नेरूळचा बोकेवाला
दिवाळीची तयारी मी दरवर्षी नीट करतो. मला धडा मिळाला तो दिवाळी संपल्यावर, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होता आणि मध्यरात्रीच्या सुमारास भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवल्यावर आमच्या भागात जो दणदणाट सुरू झाला, त्यापुढे लक्ष्मीपूजन फिके पडले असते. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि मी स्वतः गॅलरीत उभा राहून ओरडत होतो, हे कबूल केले पाहिजे. एक बोका दिवाणाखाली सापडला. दुसरा तासाभराने वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये, ओल्या टॉवेलांवर बसलेला सापडला. सकाळी मशीन लावण्याची घाई असती तर काय झाले असते, तो विचार अजूनही करवत नाही. तेव्हापासून दहीहंडी, विसर्जन, ३१ डिसेंबर आणि महत्त्वाचे सामने, सगळे कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलेले असते.

वाशीची आत्या
टॉवेलांवरचा बोका वाचून हसू आले आणि पुढच्याच क्षणी उठून मी आमच्या मशीनचे दार लावून आले.

कोपरीचा निवृत्त मास्तर
माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि मांजराला ६० हजारांच्याही पुढचा. बिळातल्या उंदराची बारीक चीं चीं टिपण्यासाठी मिळालेले हे कान आहेत आणि त्यांच्याजवळ आपण सुतळी बॉम्ब वाजवतो. नियमाप्रमाणे फटाक्याचा आवाज तो फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबलच्या आत असायला हवा, आणि निवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे तेच मांजर सोसते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या की आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि नेमका कुठून आला हे त्याला कळत नाही, म्हणून पळायचे कोणीकडे हेही त्याला ठरवता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली. ती घड्याळाला ठाऊक असली तरी आमच्या गल्लीला ठाऊक नाही. तरीही मी दिवसाची आखणी तिच्यावरच करतो. दुपारपासून रेडिओ हळू आवाजात लावून ठेवतो, कारण धमाके सुरू झाल्यावर एकदम मोठ्याने लावलेला रेडिओ म्हणजे आणखी एक धमाकाच. पाच वाजता दोरीमागे मनसोक्त पळवून दमवतो, साडेसहाला पोटभर जेवू घालतो आणि सातच्या आत बाहेरची भिंत नसलेल्या मधल्या बोळात पाणी, लिटरचा ट्रे आणि त्याची रोजची गोधडी ठेवून पडदा ओढतो. ट्रे दुसऱ्या खोलीत राहिला, तर ते रात्रभर लघवी दाबून बसते.

खारघरवाली
मास्तर, लघवीचा विषय तुम्ही काढलात म्हणून लिहिते, कारण आमचा प्रसंग आवाज थांबल्यानंतरचा आहे. भाऊबीजेच्या सकाळी आमचा बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसत होता आणि काहीच होत नव्हते. बद्धकोष्ठ असेल असे समजून आम्ही दुपारपर्यंत थांबलो, ही आमची चूक. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले आणि मूत्रमार्ग बंद झाल्याचे सांगितले. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, आणि तो पूर्ण तुंबला तर एकदोन दिवसांत जीवही जाऊ शकतो. नळी घालावी लागली आणि तीन दिवस तो दवाखान्यात राहिला. बोका कुंथतो आहे आणि थेंबही येत नाही, असे दिसले तर कृपया दुपारची वाट पाहू नका. लठ्ठ मांजराने एक दिवसाहून अधिक काळ तोंडात काही घेतले नाही, तर त्याच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो, हेही तिथेच कळले.

पुढच्या वर्षीसाठी डॉक्टरांनी गॅबापेंटिन लिहून दिले. मात्रा इथे देत नाही, कारण ती त्याच्या वजनाची होती. माणसांच्या गोळ्या मात्र कोणीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलने मांजर मरते.

ऐरोलीकर
त्या औषधाने तो पूर्ण झोपतो का?

खारघरवाली
नाही, सैल पडतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी एका शांत दिवशी देऊन पाहिले, तर साहेब वरातीतल्या काकांप्रमाणे झुलत चालले आणि दिवाणावर उडी मारायला जाऊन खाली बसले. त्यामुळे दिवाळीत त्याला उंचावर चढू द्यायचे नाही, हे आधीच कळले. दुसरे म्हणजे औषध आवाजाच्या दोनेक तास आधी द्यावे लागते. एकदा भीती चढल्यावर त्याचा तेवढा उपयोग होत नाही.

घोडबंदर, एकोणिसावा मजला
आमच्या बाल्कनीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी होती आणि त्या भरवशावर मी निर्धास्त होते. पाडव्याच्या रात्री आकाशात उडणारा एक फटाका अगदी आमच्या मजल्याच्या उंचीवर फुटला, तेव्हा मांजरीने घाबरून जाळीवर झेप घेतली. तिने आधीच कधीतरी कुरतडून सैल केलेला कोपरा सुटला. तिचे मागचे दोन पाय माझ्या हातात आले, एवढेच आमचे नशीब. आता तिथे स्टीलची जाळी आहे, शिवाय संध्याकाळी सहानंतर बाल्कनीचे दार बंद म्हणजे बंद. दिवे दाराबाहेर लावतो.

सीवूड्‌सची आजी
आमची मात्र कुठे लपत नाही. पहिला बार वाजला की माझ्या मांडीवर येऊन पदरात तोंड खुपसते आणि तासन्‌तास तशीच राहते. मग तिलाही खाली ठेवायचे का?

नौपाडेकर
मुळीच नाही, आजी. ती आपण होऊन आली आहे, तिला हवे तितके बसू द्या. माझी चूक जवळ घेण्यात नव्हती, ओढून काढण्यात होती.

ऐरोलीकर
घरातल्यांबद्दल बरेच लिहिले गेले, म्हणून सोसायटीतल्या भटक्यांबद्दल थोडे. ती पार्किंगमधल्या गाड्यांच्या इंजिनाच्या फटीत जाऊन बसतात. दिवाळीच्या सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर चारदोन थापा मारून थोडे थांबावे. आमच्या वॉचमनदादांनी गेल्या वर्षी अशी दोन पिल्ले बाहेर काढली.

पाचपाखाडीची नवशिकी
नौपाडेकर काकू, आमच्या चार महिन्यांच्या पिल्लाची ही पहिलीच दिवाळी आहे. तुमचा तो खोका चार दिवसांसाठी मिळेल का? मी येऊन घेऊन जाईन.

नौपाडेकर
अवश्य ये. स्वेटर तसाच आत ठेवला आहे, धुतलेला नाही.

खारघरवाली
ताई, अनोळखी मांजराच्या वासाने पिल्लू आत शिरायला बिचकेल. खोका आतून पुसून त्यात त्याचेच रोजचे फडके घालायला सांगा, आणि आजपासूनच त्याच्यासमोर ठेवायला सांगा, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत तो त्याचा झालेला असेल.

नौपाडेकर
बरे झाले सांगितलेस. स्वेटर मी काढून घेतला. खोका पुसून दाराशी ठेवला आहे, बाळ, दुपारी चारनंतर ये. भोक भिंतीच्या बाजूला येईल असा ठेव, आणि मध्ये त्याला जाण्यापुरती फट राहू दे.