प्रतिसाद: जमिनीखाली साठा नव्हे, नळी
वर एकांनी विचारलंय, कोथरूडला रस्ता खणून टाकतायत तो जमिनीखाली गॅसचा साठाच ना? नाही हो, ती नुसती नळी. आमच्या गेटसमोरच्या चरात पाहिली, पिवळी, मनगटाएवढी. साठा म्हणजे रिकाम्या झालेल्या वायुक्षेत्रात किंवा मिठाच्या थरात वायू दाबून भरणं.

असे साठे अमेरिकेत आहेत. तिथे आंतरराज्य (राज्याबाहेरही वायू पुरवणाऱ्या) साठ्याला १९३८ च्या नॅचरल गॅस ॲक्टच्या कलम ७ खाली केंद्रीय ऊर्जा आयोगाचं 'सार्वजनिक सोय व गरज' प्रमाणपत्र लागतं. किती वायू, कमाल दाब किती, तेही त्यात ठरतं. साठ्यात वायू भरायच्या-काढायच्या विहिरींच्या सुरक्षेचे केंद्रीय नियम मात्र आले डिसेंबर २०१६ मध्ये! त्याआधी कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यन या वायुसाठ्याची विहीर जवळपास चार महिने गळत होती. (वरातीमागून घोडं तिकडेही असतंच.)

आपल्या पायाखाली तर काळा कातळ. पुण्यात रिकामं वायुक्षेत्र आणायचं कुठून?