ट्रान्सफॉर्मरमधल्या पार्शल डिस्चार्जची जागा अकूस्टिक सेन्सरने काढताना उत्तर टाकीबाहेर का येतं?

रोहित्र_५०हर्ट्झ

२२० केव्हीचा, तीन फेजचा, तेलाचा ट्रान्सफॉर्मर आहे. डीजीएमध्ये (तेलात विरघळलेल्या वायूंच्या तपासणीत) हायड्रोजन सलग तीन नमुन्यांत वाढतोय, मिथेन त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी, अ‍ॅसिटिलीन नाही. आयईसी ६०५९९ या मानकातल्या वायूंच्या गुणोत्तरांनी पार्शल डिस्चार्जचाच, म्हणजे इन्सुलेशनमध्ये एखाद्या जागी होणाऱ्या छोट्या विद्युत विसर्गाचाच, संशय येतो.

त्या विसर्गाचा आवाज टिपायला १५० किलोहर्ट्झ रेझोनन्सचे तीन पिझो सेन्सर चुंबकी होल्डरने एका लांब भिंतीवर लावलेत, तिन्ही साधारण एकाच उंचीवर. टाकीच्या अर्थिंग पट्टीवर एचएफसीटी (वेगवान विद्युत पल्स पकडणारा करंट ट्रान्सफॉर्मर) बसवून ट्रिगर तिथून घेतलाय. तेल ६० अंश सेल्सिअसला आहे, ध्वनीचा वेग १४०० मी./से. धरलाय. जागा भिंतीच्या बाहेर ३० सेंमी येते, आणि एक सेन्सर हलवला की अर्धा मीटर सरकते. चुकतंय कुठे? आणि एचएफसीटीवर दिसणारा पल्स बाहेरच्या कोरोनाचा (उघड्या वाहकाभोवती हवेत होणाऱ्या डिस्चार्जचा) नाही हे कसं ठरवायचं?

तेल_आणि_पोलाद

आधी सेन्सरची मांडणी बघा. तिन्ही एका आडव्या रेषेत असले की मोजलेल्या तीन अंतरांशी जुळणारे बिंदू त्या रेषेभोवती एका वर्तुळावर पसरतात. लांबीतली जागा कळते, पण खोली आणि उंची एकमेकांपासून वेगळी काढता येत नाही. एक सेन्सर मीटरभर वर नेलात तरी दुसरी अडचण उरते. सगळे एकाच भिंतीवर असल्यामुळे आतला बिंदू आणि त्याचं भिंतीबाहेरचं प्रतिबिंब ही दोन्ही उत्तरं गणिताला सारखीच बरोबर वाटतात. तुमचे ३० सेंमी बहुधा असेच आलेत. निदान एक सेन्सर शेजारच्या भिंतीवर हवाच. विद्युत ट्रिगर नसेल तर सुरुवातीची वेळही अज्ञात होते आणि तीनऐवजी चार सेन्सर लागतात.

वेगाचं म्हणाल तर १४०० हा आकडा २५ अंशांच्या आसपासचा आहे. ५० अंशांना साधारण १३००, ८० ला १२०० मी./से. म्हणजे ६० अंशांच्या तेलाला १२७० धरा. १.१८ मिलिसेकंदांनी पोचलेला सिग्नल १४०० ने १.६५ मीटर येतो, १२७० ने १.५० मीटर. तापमापी वरच्या तेलाचं तापमान दाखवते, तळाचं तेल त्याहून थंड असतं, हेही हिशेबात घ्या.

सेन्सर_फिरवा

वरचं सगळं पटलं, पण अर्ध्या मीटरच्या सरकण्याचं मुख्य कारण टाकीचं पोलाद आहे. आवाज तेलातून थेट सेन्सरकडे येतो, तसाच तो आधी जवळच्या भिंतीला भिडून मग पत्र्यातूनही धावतो. पोलादात शिअर (आडव्या कंपनाच्या) तरंगाचा वेग सुमारे ३२०० मी./से., म्हणजे तेलाच्या अडीच पट. लांबच्या सेन्सरवर पत्र्यातून आलेला तरंग आधी पोचतो आणि आपण तोच तेलातला समजतो.

हिशेब करून बघा. स्रोत भिंतीपासून १ मीटर आत, सेन्सर स्रोताच्या समोरच्या बिंदूपासून २ मीटर बाजूला, तेलातला वेग १३००. थेट अंतर २.२४ मीटर, वेळ १.७२ मिलिसेकंद. पत्र्यातून येणारा मात्र १.३३ मिलिसेकंदांतच हजर. फरक ०.३९ मिलिसेकंदांचा, तेलाच्या भाषेत ५० सेंमी! हाच स्रोत असेल तर समोरच्या बिंदूपासून साधारण ४५ सेंमीच्या आतल्या सेन्सरलाच थेट तरंग खात्रीने आधी मिळतो.

थ्रेशोल्डवर, म्हणजे सिग्नलने ठरावीक पातळी ओलांडली की, वेळ उचलणारं सॉफ्टवेअर इथे फसतं. पत्र्यातला तरंग बारीक, हळूहळू वाढणारा असतो आणि त्याच्या मागून तेलातला ठसठशीत येतो. प्रत्येक वेव्हफॉर्म डोळ्यांनी बघून सुरुवात हाताने ठरवा.

त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे आधी गणित बाजूला ठेवा. ट्रिगर तोच ठेवून एक सेन्सर भिंतीवर २५-३० सेंमीच्या टप्प्यांनी फिरवा आणि प्रत्येक ठिकाणची वेळ लिहा. वेळ जिथे सगळ्यात कमी, तोच स्रोताच्या समोरचा बिंदू. दोन्ही मार्गांची किमान वेळ तिथेच येते, त्यामुळे पत्रा तिथे फसवू शकत नाही. त्या वेळेला तेलाच्या वेगाने गुणलं की खोली हाती येते. मग काटकोनातल्या भिंतीवर हेच करा. दोन भिंतींवरून काढलेल्या जागा १५-२० सेंमीत जुळल्या तर उत्तरावर विश्वास ठेवण्यासारखं आहे. जुळल्या नाहीत तर भिंतीला आतून मॅग्नेटिक शंट (गळतीचा चुंबकी प्रवाह वळवणाऱ्या पोलादी पट्ट्या) किंवा शील्ड आहे का ते ड्रॉइंगमध्ये पाहा. शंटमागे आवाज दबतो आणि किमान वेळेची जागा शंटच्या कडेला सरकते. स्टिफनरवर (भिंतीला बळकटी देणाऱ्या बाहेरच्या पट्टीवर) सेन्सर लावू नका.

सेन्सर बसवतानाही बरंच बिघडतं. सुटलेला रंग खरवडून काढा, जागा पुसा, सिलिकोन ग्रीसचा पातळ थर द्या, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. गरम भिंतीवर साधं ग्रीस ओघळतं आणि तासाभरात सिग्नल निम्मा होतो, म्हणून जास्त तापमानाचं घ्या. प्रत्येक सेन्सरशेजारी ०.५ मि.मी. जाडीची २एच पेन्सिलची शिस, साधारण ३ मि.मी. बाहेर काढून, तिरकी टेकवून मोडा; मोडण्याचा टिचका हाच चाचणीचा आवाज. सगळ्या चॅनेलचा प्रतिसाद ३ डेसिबेलच्या आत यायला हवा. एखादा मागे पडला तर तो काढून परत बसवा.

रोहित्र_५०हर्ट्झ

सेन्सर फिरवून बघतो. पण एकेका शॉटमध्ये (एका ट्रिगरवरच्या रेकॉर्डिंगमध्ये) तरंगाची सुरुवात गोंगाटात बुडालेली असते. १००० शॉटचं अ‍ॅव्हरेजिंग लावलं तर उलट तरंग सपाटच होतो.

फेज_ट्रिगर

तुमच्या कोरोनाच्या प्रश्नाचं उत्तर या सपाट होण्यातच आहे. ट्रिगरशी बांधलेला आवाज अ‍ॅव्हरेजिंगने वर येतो, गोंगाट वर्गमुळाच्या प्रमाणात खाली जातो: २५६ शॉटना १६ पट. तरंग सपाट होतोय याचा अर्थ तुमचे बरेचसे ट्रिगर या आवाजाचे नाहीतच. टाकीची अर्थिंग पट्टी बसबारवरचा कोरोनाही उचलते आणि त्याचा आवाज तेलात येत नाही.

शक्य असेल तर ड्रेन व्हॉल्व्हमधून यूएचएफ प्रोब (डिस्चार्जच्या रेडिओ लहरी पकडणारा अँटेना) घाला. व्हॉल्व्ह सरळ आरपार उघडणारा, गेट किंवा बॉल प्रकारचा हवा. टाकी स्वतःच बाहेरचं यूएचएफ अडवते, म्हणून ट्रिगर बराच स्वच्छ मिळतो. ते जमत नसेल तर एचएफसीटीचे पल्स ५० हर्ट्झच्या फेजवर मांडा, गठ्ठे वेगळे करा आणि एकेका गठ्ठ्यावर फेजची खिडकी लावून २५६ शॉट घ्या. ज्या गठ्ठ्यावर तरंग उभा राहतो तो आतला. दोन गठ्ठ्यांना दोन वेगळ्या वेळा आल्या तर स्रोत दोन असू शकतात, त्यांची सरासरी करू नका.

सगळ्या चॅनेलवर ट्रिगरच्याच क्षणी दिसणारा टोकदार पल्स आवाज नसतो, तो केबलने उचललेला विद्युत पल्स असतो. तेलातून मीटरभर यायला आवाजाला पाऊण मिलिसेकंद लागतो. फिल्टर १०० ते ३०० किलोहर्ट्झ ठेवा. त्याखाली, विशेषतः ५०-६० किलोहर्ट्झच्या आत, कोअरचा आवाज भरलेला असतो. पंखे आणि पंप परवानगी घेऊन थोडा वेळ बंद ठेवता आले तर उत्तम. पावसात मोजू नका, थेंब टाकीवर आपटतात.

तेल_आणि_पोलाद

दोन गोष्टी जोडतो. वाइंडिंगच्या खोल आतला डिस्चार्जचा आवाज प्रेसबोर्डच्या (इन्सुलेशनच्या जाड पुठ्ठ्याच्या) थरांतून बाहेर येईपर्यंत इतका मंदावतो की भिंतीवर काहीच मिळत नाही. त्यामुळे आवाज न मिळाल्याने डिस्चार्ज नाही असं सिद्ध होत नाही. आणि अकूस्टिकच्या मिलिव्होल्टवरून पिकोकुलोम (डिस्चार्जचा विद्युतभार) काढायचा मोह टाळा. मार्गातली घट माहीत नसते, म्हणून लहान पण जवळचा स्रोत मोठ्या पण खोल स्रोतापेक्षा जोरात ऐकू येतो.

चालू ट्रान्सफॉर्मरच्या झाकणावर कुणी चढायचं नाही. सेन्सर भिंतींवरच लावा, शिडी बुशिंगपासूनच्या सुरक्षित अंतराच्या आतल्या भागात जाता कामा नये, आणि केबल टाकीला लागून खाली आणा.

रोहित्र_५०हर्ट्झ

हीच पद्धत जीआयएसला (बंद धातूच्या नळ्यांत एसएफ६ वायू भरलेल्या स्विचगिअरला) चालेल का?

सेन्सर_फिरवा

सेन्सर तेच चालतील, पण वेळेचं गणित तसंच्या तसं उचलू नका. एसएफ६ मध्ये आवाजाचा वेग जेमतेम १४० मी./से. आहे आणि वरची फ्रिक्वेन्सी वायूतच विरते. तिथे प्रत्येक कंपार्टमेंटवर सेन्सर ठेवून तीव्रता बघतात, फ्लँज (नळ्यांचा सांधा) आणि स्पेसर (वाहकाला धरून ठेवणारा इन्सुलेटर) ओलांडला की ती ठळक घटते. ठोके ५० हर्ट्झच्या फेजला न बांधलेले, अनियमित असतील तर तळाशी उड्या मारणारा सुटा धातुकण असण्याची शक्यता जास्त. १०० हर्ट्झला बांधलेले, सारख्या उंचीचे असतील तर सैल झालेलं शील्ड बघा.